मोखाड्याचं पाणी, जव्हारचा पाव

जव्हार,
२० जून २००४

कमे,

सलाम आणि शिव्या दोन्ही एकदमच घे. मे महिन्यात माझी अलिशा तुझ्याकडे वीस दिवस काय राहिली, तू पोरीला पार बदलूनच टाकलंस. गेली तेव्हा नुसती काडी होती, परत आली ती गाल घेऊन! दादींनी (माझ्या सासूबाई, पण सगळं जव्हार त्यांना दादीच म्हणतं) दारातच तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी मनात म्हटलं, दहावीपर्यंत एका बाकावर बसलो, त्याचं कमूने सोनं केलं.

पण कसलं काय! पंधरा दिवसांत सगळं मुसळ केरात. पोट पुन्हा नगाऱ्यासारखं फुगलं, दिवसातून पाच-पाचदा जुलाब, आणि राग तर सदा नाकाच्या शेंड्यावर. साडेचार वर्षांची झाली, पण शेजारच्या शायस्ताच्या तीन वर्षांच्या मुलीचा फ्रॉक तिला सैल होतो. मला ते बघवत नाही गं.

औषधं सगळी झाली. जंतांचं झालं, रक्तवाढीचं झालं, भूक लागायचं झालं. नजर उतरवून झाली. आता दादींनी छातीठोक निकाल दिलाय, की पोरीला मोखाड्याचं पाणी मानवतं आणि जव्हारचं बाधतं. तेव्हा ढवळूच्या जीपमधून एक कॅन पाठवतेय, तो तुमच्या पाण्याने भरून दे. हसू नकोस. मी हसले, तर दादी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

रिकामं भांडं कसं पाठवायचं, म्हणून कॅनच्या कानाला खारीची पिशवी बांधली आहे. आमच्याच बेकरीची, अलिशाच्या अब्बूंच्या, इदरीसमियाँच्या हातची. तुझ्या हर्षालीला दे.

तुझी,
फरजाना


आंब्याचा पाडा, मोखाडा,
२७ जून २००४

फरजाने,

तुझं पत्र मी वर्गात उघडलं आणि एकटीच हसत सुटले. मुलं विचारायला लागली, बाई काय झालं? काय सांगणार कपाळ! एप्रिल-मेमध्ये टँकर कधी येतो म्हणून आम्ही हंडे रांगेत लावून बसतो, आणि जव्हारची शेठाणी मोखाड्याचं पाणी मागते! ढवळूने तो कॅन जीपच्या टपावर बांधून अख्ख्या पाड्याला दाखवला. म्हणतो, "बाई, आपला पाणी ममईला जातंच हां, आता जव्हारलाबी निघाला."

विहिरीचं पाणी सध्या पावसाने चहासारखं झालंय. म्हणून हापशीचं भरलं, उकळलं, गाळलं आणि पाठवतेय. दादींचा मान म्हणून. पण खरं सांगू? अलिशा इथे होती तेव्हा टँकरचंच पाणी प्यायली. तो टँकर कुठून भरून यायचा, देव जाणे.

मग मी बसून आठवलं, ती इथे खायची काय. सकाळी नाचणीची भाकरी आणि दूध-गूळ. दुपारी भात आणि उडदाचं वरण. संध्याकाळी पुन्हा भाकरी, कधी सुकट. बाकी दिवसभर करवंदं आणि आंबे, त्याची मोजदाद माझ्याकडे नाही. पाव पाड्यावर मिळत नाही. चपाती आमच्याकडे होतच नाही, कारण रेशनचा गहू आला की माझ्या सासूबाई, आमची पुतळीआजी, तो कुणाला तरी देऊन तांदूळ घेऊन येते. गहू पोटात धोंड्यासारखा बसतो, असं तिचं म्हणणं.

आता पाणी पुरे, हवा पुरे. पोरीला नाशिकच्या मोठ्या डॉक्टरला दाखव. वाटेत मोखाड्याला आमचे सुदर्शनराव पंचायत समितीच्या ऑफिसात असतातच. हाक मार, चहा पाजतील. फायलींतून मान वर करायला त्यांनाही काहीतरी निमित्त हवंच असतं.

कमू


जव्हार,
१९ जुलै २००४

कमे,

नाशिकला जाऊन आले. सुदर्शनभाऊजींनी चहा पाजला, वर भजीही खायला घातली. त्यांना दुवा.

डॉक्टर मुलांचे आहेत, वयस्क, शांत. पाण्याचं त्यांनी नावच काढलं नाही. विचारलं, "मैत्रिणीकडे काय खायची?" मी तू सांगितलंस ते सगळं सांगितलं. "आणि घरी?" मी म्हटलं, साहेब, आमची बेकरी आहे. सकाळी चहा-पाव, दुपारी चपाती, चार वाजता बेकरीचा कडक बटर, रात्री परत चपाती. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "आता मला जरा कळायला लागलं."

त्यांना संशय आहे की तिला सिलिॲक नावाचा आजार आहे. काही मुलांच्या आतड्याला गहूच चालत नाही. गव्हात चिकटपणा आणणारा जो भाग असतो, त्याने आतडं आतून सोलवटतं, मग खाल्लेलं अंगाला लागतच नाही. नाचणी चालते, तांदूळ चालतो. म्हणून तुझ्याकडे पोरगी फुलली.

मी तर उठायच्याच तयारीत होते, की चला, आजपासून घरात गहू बंद. तर म्हणतात, "थांबा बाई. बंद करायचा नाही." पक्कं कळायला रक्त तपासायचं आणि दुर्बीण घालून आतड्याचा बारीक तुकडा काढून बघायचा. ते करणारे मोठे डॉक्टर मुंबईहून महिन्यातून एकदाच नाशिकला येतात, दुसऱ्या शनिवारी. आपला नंबर अकरा सप्टेंबरला. तोपर्यंत रोज गहू पोटात जायलाच हवा. मध्येच थांबवला तर आतडं बरं व्हायला लागतं, तपासणीत काही सापडत नाही, आणि मग जन्मभर नुसता संशयच राहतो. रोज एक पाव आणि एक चपाती पुरे, पण चुकवायचं नाही.

म्हणजे बघ कमू, कशाने दुखतंय ते कळलं, आणि आता तेच मी रोज माझ्या हाताने तिला भरवायचं! काल चपातीचा घास तिच्या तोंडाशी नेला आणि मीच पदराने डोळे पुसत बसले.

मियाँचं तर विचारूच नकोस. डॉक्टरांच्या खोलीत असे तापले, की कंपाउंडर डोकावून गेला. "माझ्या आजोबांपासून जव्हार आमचा पाव खातंय, आजवर कुणाचं पोट दुखलं नाही!" घरी येऊन जाहीर केलं, की तुझ्याने व्हायचं नाही, तू रडतेस, तेव्हा पोरीच्या पाव-चपातीचं मी बघतो. रोज चार वाजता ती बेकरीत येईल आणि माझ्यासमोर खाईल. मी म्हटलं, बरं बाई, सुटले.

फरजाना


आंब्याचा पाडा,
२८ जुलै २००४

फरजाने,

तुझं दुःख तू सांगितलंस, आता माझं शहाणपण ऐक. मास्तरीण आहे, त्याशिवाय राहवत नाही.

पाव रिकाम्या पोटी देऊ नकोस. आधी वरण-भात खाऊ दे, मग पाव. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढाच, त्याच्यावर तुकडाही नाही. बिस्किटं, शेवया, समोसा असलं गव्हाचं वरकड सगळं बंद कर, म्हणजे दुखलंच तर कमी दुखेल. जुलाब झाले की मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट. आणि तिच्यासमोर डोळे पुसत बसू नकोस. तुझ्या डोळ्यांना दहावीच्या गणितापासून धार लागलेली आहे, पोर घाबरेल.

इदरीसभाईंना रागावू नकोस. आमच्या पाड्यावरच्या कुणाला सांग, की तुझ्या शेतातला भात वाईट, बघ तो काय करतो.

आणि दादींना माझा सलाम सांग. म्हणावं, साखर सांभाळा, आणि त्या गोष्टीची काळजी करू नका, मी आहे. त्यांना कळेल. तू मध्ये नाक खुपसू नकोस.

कमू


जव्हार,
१६ ऑगस्ट २००४

कमे, कमे, कमे!

पेढे वाटायची वेळ आली! अलिशा बरी होतेय. गहू खाऊन बरी होतेय! पोट उतरलंय, जुलाब जवळजवळ थांबलेत, काल गल्लीत शायस्ताच्या मुलीच्या मागे अशी पळाली, की मी दाराला टेकून नुसती बघत राहिले. दादी म्हणतात, पाण्याचा असर उशिरा होतो. मियाँ छाती काढून फिरताहेत. "बघितलंस? माझ्या भट्टीत खोट नाही. तो डॉक्टरच कच्चा."

त्यांनी तिच्यासाठी खास बिस्किटं काढली आहेत. जाडजूड, काळपट तपकिरी, गुळाची. मैदा नको, गव्हाचंच पीठ घालतो, म्हणतात. रोज चार वाजता बापलेक बेकरीच्या मागे बसून खातात, आणि मला तिथे यायला मनाई. मी रडते ना!

आता आमचं ठरत आलंय, की अकरा तारखेला नाशिकला जायचंच कशाला? एवढीशी पोर, तिला भूल द्यायची, पोटात नळी घालायची. नकोच ते. उद्या-परवा फोन करून नंबर सोडून देऊ म्हणतेय.

हो, आणि तुझा निरोप दादींना दिला. त्या म्हणाल्या, "कौनसी बात? कसली साखर?" त्यांना साखर-बिखर काही नाही गं, कालच दोन वाट्या खीर संपवली. तुला कुणी सांगितलं?

फरजाना


आंब्याचा पाडा,
१८ ऑगस्ट २००४

फरजाने,

हे पत्र ढवळू तुझ्या हातातच देईल. पहिलं काम, नंबर सोडू नकोस. फोनला हात लावू नकोस. आधी बस, पाणी पी, मग पुढचं वाच.

जुलैमध्ये तुझं पत्र आलं, त्याच आठवड्यात ढवळू माझ्याकडे आला. म्हणाला, जव्हारच्या दादींना साखर झालीय, त्यांना नाचणीचं पीठ हवंय, पण सुनेला कळू द्यायचं नाही, ती ओरडते. मला ते पटलंच. दादी त्या, सुनेसमोर थोड्याच वाकणार! मी आमच्या जात्यावर दळून डबा भरून दिला. दहा दिवसांनी डबा परत, आणखी हवंय. मग आणखी एकदा. मी मनात म्हणायचे, म्हातारीची भूक दांडगी आहे. दर वेळी डबा पावांनी भरून परत यायचा, आणि आमची हर्षाली खूश.

काल तुझं पत्र वाचलं आणि ढवळूला अंगणात उभा केला. खरं सांग, निरोप कुणाचा? आधी देवाची आण, मग जीपची आण. शेवटी म्हणाला, "बाई, शेठचा होता. शेठनी सांगला, कोणाला बोलाचा नाय."

काळपट तपकिरी बिस्किटं, फरजाने! दहावीला तुला विज्ञानात माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. एक तोडून चाखून तर बघ. आणि बघ हं, बेकरीत जाऊन आकांडतांडव करू नकोस.

कमू


जव्हार,
२४ ऑगस्ट २००४

कमे,

आकांडतांडव केलंच.

चार वाजता मागच्या दाराने गेले. अलिशा उपड्या डब्यावर बसलेली, मांडीवर बशी, आणि मियाँ तिच्यासमोर उकिडवे. भट्टीपासून लांब, वेगळा स्टोव्ह, वेगळा छोटा पत्रा. मी बशीतलं एक उचललं आणि तोंडात टाकलं. तुमच्या जात्याची नाचणी मी डोळे मिटून ओळखीन.

"हे कशाचं?"

"गुळाचं."

"अहो, कशाचं पीठ?"

अलिशाच म्हणाली, "अम्मी, हे आमचं गुपित आहे. तू ऐकू नको."

मग मी जे तोंड सोडलं, ते पुढे पावाला रांगेत उभ्या असलेल्या लोकांनीही ऐकलं. तुम्हाला कळतं का काय केलंत? पोरीची तपासणी फुकट घालवलीत! मी इथे नंबर सोडायला निघाले होते! त्यांनी स्टोव्ह विझवला, पत्रा पुसला. मला भांडखोर मियाँची सवय आहे, गप्प मियाँची नाही. शेवटी म्हणाले, "फरजाना, डॉक्टरवर मी का ओरडलो? त्याने घरी काय खाते विचारलं ना, तेव्हाच मला कळलं होतं की तो बरोबर आहे. हिला दात आले तेव्हापासून सकाळचा पहिला गरम पाव मी हिच्या हातात देतोय. मीच. आणि आता ठाऊक असून द्यायचा? एक दिवस दिला. तिने पोट धरलं. दुसऱ्या दिवशी माझा हातच पुढे होईना."

कमे, मला त्यांचा एवढा राग आला होता, आणि त्याच क्षणी एवढी माया आली, की मी तिथेच पिठाच्या पोत्यावर बसून रडले. अलिशाने मला तिचं बिस्कीट देऊ केलं.

डॉक्टरांना फोन केला. मियाँनीच केला, बोलणी त्यांनीच खाल्ली. आता गहू पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा आणि नंबर पुढच्या महिन्याचा, नऊ ऑक्टोबर. आणि डॉक्टर म्हणाले, "तिकडे बरी, घरी आजारी, नाचणीवर परत बरी. आता तर माझा संशय वाढला."

खाली मियाँना दोन ओळी लिहायच्या आहेत.

फरजाना

कमूताई, सलाम. सातवीपर्यंतच शाळा झाली, चुकभूल माफ करा. ढवळूला ओरडू नका, मीच त्याला कसम घातली होती. आईचं नाव सांगितलं, कारण तिचं नाव घेतलं की कोणी नाही म्हणत नाही. तुमचं पीठ एक नंबर. आता पाठवू नका. इदरीस.


आंब्याचा पाडा,
१ सप्टेंबर २००४

फरजाने,

इदरीसभाईंच्या दोन ओळी मी सुदर्शनरावांना वाचून दाखवल्या. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. पाऊस नसताना चष्मा पुसायचं काय कारण, मी विचारलं नाही.

ऐक. तुम्ही दोघं दमलात. गौरी-गणपतीला शाळेला सुट्टी आहे, तेव्हा अलिशाला चार दिवस माझ्याकडे पाठव. गव्हासकट पाठव. ते काम चार दिवस मी करीन. पुतळीआजी आहे, हर्षाली आहे, पोरीचा वेळ मजेत जाईल. नाही म्हणू नकोस.

कमू


जव्हार,
१७ सप्टेंबर २००४

कमे,

पाठवतेय. ढवळूच्या पुढच्या सीटवर बसून येतेय, राणीसारखी.

डब्यात चार बटर आहेत, दिवसाला एक. मियाँनी स्वतः वळलेत. एक कोंबडा, एक शेळी, एक मासा, एक जीप. जीप शेवटच्या दिवशी. सोबत चपातीचं पीठ दिलंय. तुला गोल लाटता येत नाही हे मला माहीत आहे, तरी चालेल.

मियाँनी तिला काय समजावलंय ते तुला ठाऊक हवं. बेकरीत पिंजरा असतोच. ते म्हणाले, "बेटा, तुझ्या पोटात एक उंदीर शिरलाय. उंदीर धरायचा तर पिंजऱ्यात तुकडा ठेवावा लागतो. डॉक्टर नऊ तारखेला पिंजरा उघडून बघणार. तोपर्यंत रोज तुकडा ठेवायचा." तिला ते इतकं पटलंय, की विसरलं तर तीच आठवण करते.

फरजाना


आंब्याचा पाडा,
२३ सप्टेंबर २००४

फरजाने,

पोर ढवळूसोबत सुखरूप धाडली आहे. जुलैत मी तुला जे शहाणपण लिहिलं होतं ना, ते पत्र चुलीत घाल.

पहिले दोन दिवस छान गेले. कोंबडा खाल्ला, शेळी खाल्ली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचं पोट दुखायला लागलं, तीनदा बाहेर जाऊन आली, आणि हर्षालीसोबत फुगडी खेळता खेळता मटकन खाली बसली. पुतळीआजीने तिला मांडीवर घेतलं आणि माझ्यावर अशी बरसली! "काय गो कमू, मास्तरीण ना तू? हसत हसत पोरीला दुखणां भरवतीस?" मी समजावलं, डॉक्टर म्हणालेत. आजी म्हणाली, "त्या डाक्तरला माझ्याकडं आण." आणि उठली ती थेट डबा घेऊन कणगीच्या मागे लपवून आली.

संध्याकाळी वरण-भात झाला. डबा नाही. मला मनातून इतकं बरं वाटलं, की काय सांगू. म्हटलं, चला, आज राहिलं तर राहिलं, एक दिवसाने काय होतंय.

तर तुझी लेक आजीपुढे उभी राहिली, कमरेवर हात. "आजी, माझा मासा दे."

"नाय गो बाय. तुला दुखतां."

"आजी, तुकडा नाही ठेवला तर उंदीर पळून जाईल. मग डॉक्टर म्हणतील, हिच्या पोटात कुणीच नाही. मग अब्बूला परत ओरडतील."

पुतळीआजी उठली. कणगीमागून डबा काढला, मासा तिच्या हातात दिला, आणि ती खात होती तोवर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी पाणी आणायच्या निमित्ताने मागच्या अंगणात गेले आणि पोटभर रडले. तू हे रोज करतेस? मला चार दिवस झेपलं नाही गं.

जीप मात्र तिने खाल्ली नाही. ढवळूला दाखवायला ठेवली होती. त्याने बघितली, म्हणाला, "हिचा स्प्रिंगचा पाटा तुटेल रस्त्यात," मग तिने हसत हसत त्याच्या गाडीतच बसून संपवली. म्हणजे त्या दिवसाचा तुकडाही पडला, डॉक्टरांना सांग.

कमू


जव्हार,
२५ ऑक्टोबर २००४

कमे,

उंदीर सापडला!

नऊ तारखेला सगळं झालं. भूल उतरल्यावर डोळे उघडून पहिला प्रश्न, "डॉक्टर, किती मोठा होता?" त्या मुंबईच्या डॉक्टरांना काही कळेना. मियाँ कोपऱ्यात तोंड फिरवून उभे. आपले म्हातारे डॉक्टर मात्र लगेच म्हणाले, "एवढा! शेपटीसकट."

परवा निकाल आला. सिलिॲकच. रक्तातही आणि तुकड्यातही. डॉक्टर म्हणाले, आता संशय उरला नाही, आजपासून गहू बंद, मैदा बंद, रवा बंद, जन्मभर. तुला वाटेल मी रडले असेन. नाही गं. इतके महिने काय होतंय ते माहीत नव्हतं, आता माहीत आहे. मी डॉक्टरांना हात जोडले आणि बाहेर येऊन पोरीला केळं दिलं.

पण घरात क्रांती झाली आहे. डॉक्टरांनी बजावलंय, गव्हाची धूळसुद्धा लागता कामा नये. तिचा तवा वेगळा, पोळपाट वेगळा. इथल्या गिरणीत गव्हावरच नाचणी दळतात, तेव्हा ते पीठ चालायचं नाही. तुझ्या जात्याने गहू पाहिलेला नाही, म्हणून तेच हवं. इदरीसमियाँनी पाठवू नका लिहिलं होतं, ते आता मागे घेतात.

आणि मियाँचा स्वतःचाच प्रश्न! डोक्यापासून पायापर्यंत मैद्याने माखलेला माणूस. आता रोज संध्याकाळी दारातून हाक मारतात, मागच्या मोरीत जातात, कपडे बदलतात, डोक्यावरून अंघोळ करतात, मग लेकीला उचलतात. तोपर्यंत ती उंबऱ्यात हात मागे बांधून उभी. एकदा ते विसरून पुढे आले, तर ओरडली, "अब्बू, गहू!" बिचारे दोन पावलं मागे सरकले.

रमजान चालू आहे. दादींना एकच घोर, ईदला शीरखुर्म्याचं काय? शेवया गव्हाच्या. म्हणतात, "मेरी पोती ईद के दिन मुँह ताकती बैठेगी क्या?" तूच काहीतरी सुचव गं.

फरजाना


आंब्याचा पाडा,
१० नोव्हेंबर २००४

फरजाने,

दादींना सांग, पोती तोंड बघत बसणार नाही.

सोबतच्या डब्यात तांदळाच्या शेवया आहेत. जात्यावर दळलेलं पीठ, उकड काढून लाकडी साच्यातून पाडल्या आणि उन्हात सुकवल्या. साचा दाबायला पुतळीआजी, मी आणि सुदर्शनराव, तिघं लटकलो होतो. सुदर्शनराव म्हणाले, पंचायत समितीत एवढा जोर कधी लावला नव्हता. मी म्हटलं, ते दिसतंच. दुधात उकळत ठेवू नका, विरघळतील. शेवटी घाला आणि लगेच उतरवा. नवी नाचणीही निघाली आहे, तिचं पीठ वेगळ्या पिशवीत आहे.

दिवाळी-ईद यंदा एकाच आठवड्यात, आणि मला यायची इतकी इच्छा होती. पण भाताची झोडणी सुरू आहे, खळं सोडून निघता येत नाही. माझ्या वाटणीची वाटी अलिशाला दे. आजी विचारते, पोरगी फुगडी खेळते का?

कमू


जव्हार,
ईदची संध्याकाळ

कमे,

ईद मुबारक! आजीला सांग, फुगडी खेळते. समोरच्याचे हात दुखेपर्यंत खेळते.

शीरखुर्मा आम्ही दोन प्रकारचा करणार होतो, एक आमचा, एक तिचा. सकाळी दादींनी गव्हाच्या शेवयांची पिशवी उचलली आणि शायस्ताकडे देऊन आल्या. म्हणाल्या, घर एक तर पातेलंही एक. तुझ्या शेवयांचा सगळ्यांनी खाल्ला. पाहुणे विचारत होते, एवढ्या नाजूक शेवया कुठल्या, तर दादी ऐटीत, "मोखाड्याच्या. मी म्हटलंच होतं, तिकडचं पाणीच वेगळं." आता बोल!

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. सकाळी मियाँ नमाजहून आले. पांढराशुभ्र कुर्ता-पायजमा, पांढरी टोपी. अलिशा आवाज ऐकून धावत दारात गेली, हात पसरले, आणि एकदम थबकली. हात मागे बांधले.

"अब्बू, आधी अंघोळ."

"केली ना बेटा सकाळी."

"मग हे सगळं पांढरं?"

मियाँनी स्वतःकडे खाली बघितलं. "बेटा, हे पीठ नाही. कपडे आहेत, नवे. आज भट्टी बंद."

तिचा विश्वास बसेना. जवळ आली, बाहीवरून एक बोट फिरवलं, बोट डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितलं. काही लागलं नव्हतं. मग जी उडी मारली ना, की टोपी उडाली आणि मियाँ दाराच्या चौकटीला जाऊन आदळले. दादी म्हणाल्या, कुर्ता चुरगळला. कुणी ऐकलं नाही.

डबा परत पाठवतेय, आत नाचणीच्या नानखटाया आहेत, घरच्या स्टोव्हवर भाजलेल्या. एवढंच लिहिते, कारण इथे बसायला जागा नाही. अलिशा दिवसभर त्यांच्या कडेवरून उतरलेली नाही. आत्ताही माझ्यासमोर मियाँ उभेच आहेत, एका हाताने लेक धरलीय आणि दुसऱ्या हाताने तुझ्या शेवयांची तिसरी वाटी संपवताहेत.

तुझी,
फरजाना